जलसा : आपल्या संगीत रंगभूमीचे न सांगितलेले घराणे



गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत संगीत नाटकावर फार चांगले व्याख्यान झाले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, दोन वर्षांनी ‘सौभद्र’, मग देवल, खाडिलकर, बालगंधर्व. व्याख्यात्यांनी मधूनमधून पदेही गाऊन दाखवली. शेवटी मागच्या रांगेतल्या एका तरुणाने विचारले, “आपल्या सौंसर-पांढुर्ण्यात गाण्याचं नाटक कोण करत होतं?” व्याख्याते बाहेरगावचे, त्यांनी हसून आमच्याकडे बोट दाखवले. आमच्यापैकी एकाने सांगितले की नागपूरच्या नाटक मंडळ्या येत असत, आणि दिवाळीनंतरच्या मंडईत खडी गंमत होत असे. उत्तर खोटे नव्हते. पण अर्धे होते, हे मला ठाऊक होते, आणि तरी मी गप्प बसलो.

तो उरलेला अर्धा भाग आज सांगतो. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. माझ्या शास्त्रात रोग्याची हकीकत आधी घ्यायची, औषध मागाहून. इथेही तीच रीत ठेवतो, फक्त माझी हकीकत शेवटी येईल.

विषय डोक्यात पक्का झाला तो शिकागोत. मुलाकडे गेलो होतो, तेव्हा त्याने मला तिथल्या हौशी कलावंतांची एक संगीतिका दाखवायला नेले. नाव ‘रेझिन’, म्हणजे मनुका. लोरेन हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय लेखिकेचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक १९५९ साली ब्रॉडवेवर आले. तिथे पोहोचलेले कृष्णवर्णीय स्त्रीचे ते पहिले नाटक. त्यावरून १९७३ मध्ये ही संगीतिका झाली आणि पुढच्या वर्षी तिला टोनी पुरस्कार मिळाला. हॅन्सबेरीबाईंनी ते पाहिले नाही, त्या १९६५ मध्येच, वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारल्या.

कथा साधी आहे. शिकागोच्या दक्षिण भागात एका कोंदट बिऱ्हाडात तीन पिढ्या राहतात. म्हातारी आई, मोटार हाकणारा मुलगा, त्याची बायको, डॉक्टर व्हायला निघालेली बहीण आणि एक लहान नातू. वारलेल्या वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर येतात. आई त्यातून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. मुलगा उरलेले पैसे एका भामट्या मित्राच्या नादाने गमावतो. तेवढ्यात त्या वस्तीतला एक अत्यंत सभ्य गृहस्थ येतो आणि म्हणतो, तुम्ही आमच्याकडे येऊ नका, त्याबद्दल आम्ही पैसे देऊ. मुलगा पैसे घ्यायला जवळजवळ तयार होतो. आई म्हणते, घ्यायचे तर नातवाच्या देखत घे. आणि मग त्याच्याने ते होत नाही.

ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. लेखिकेच्या वडिलांनी १९३७ मध्ये शिकागोत असेच घर घेतले होते. घरावर जमाव चालून आला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४० मध्ये वडील जिंकले. मुलगी तेव्हा सात-आठ वर्षांची. बापाने कोर्टात लढलेली लढाई लेकीने रंगमंचावर नेली, आणि तिच्या मागे इतरांनी तिला गाणी दिली.

नाट्यगृहातून बाहेर पडताना मुलगा म्हणाला, “बाबा, असलं काही आपल्याकडे नाही ना?” मला मागच्या रांगेतला तो तरुण आठवला. सभ्यपणे ‘तुम्ही येऊ नका’ म्हणणारा तो गृहस्थही आठवला. त्याचा चेहरा आमच्या घराण्यातल्या कुणासारखा दिसत होता, ते पुढे कळेल.

आपल्याकडे आहे. फार जुने आहे, आणि अमेरिकेशी त्याची ओळखही जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती काळ्या लोकांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण करून. तिथे गुलामी कायद्याने बंद झाली १८६५ मध्ये, म्हणजे अवघी आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसलेला माणूस एवढ्या लांबची गोष्ट आपल्या शूद्रातिशूद्रांच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहतो. त्याच जोतीरावांनी त्याआधी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले होते. त्यात एक शेतकरी जोडपे आहे, बाई गरोदर आहे, आणि पोटातल्या मुलाच्या ग्रहांची भीती घालून जोशी त्यांना लुबाडतो. शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत जायला निघतात. न जन्मलेल्या मुलावरून सुरू होऊन आईबापांच्या शिक्षणापाशी थांबणारे हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले, आणि ते छापले जाईपर्यंत शंभरावर वर्षे गेली. ‘शाकुंतला’च्या पंचवीस वर्षे आधीची ही गोष्ट गेल्या वर्षीच्या व्याख्यानात आली नव्हती. व्याख्यात्यांना दोष देत नाही, आम्हीही विचारले नाही.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झाला. पुढे त्याच्या कार्यकर्त्यांनी तमाशाची बांधणी उचलून जलसा उभा केला. ओतूरचे भीमराव महामुनी यांचे नाव त्यात अग्रभागी आहे. गण, गवळण, वग हा क्रम तोच. पण गणात गणपतीच्या जागी निर्मिकाचे स्तवन आले, आणि वगात राजा-राणीच्या जागी भट-सावकाराच्या कचाट्यात सापडलेले शेतकरी कुटुंब. नाचणारी बाई नाही, शृंगार नाही. लोक मात्र तमाशाला यावेत तसे येत, कारण ढोलकी तीच, तुणतुणे तेच आणि चाली ओळखीच्या.

नागपूरकडे येताना मोहप्याला थांबावे लागते. सौंसरहून सावनेर, तिथून कळमेश्वरच्या बाजूला गेले की मोहपा. आपल्यापैकी कितीतरी घरांची सोयरीक त्या भागात आहे. १८७९ साली तिथे एका महार कुटुंबात किसन फागूजी बनसोडे जन्मले. नागपुरात त्यांनी १९०७ मध्ये चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढे स्वतःचा छापखाना घातला, ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी पत्रे चालवली आणि कविता रचल्या. त्यांचा विश्वास चोखोबावर होता. म्हणून बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली तेव्हा बनसोड्यांनी विरोध केला. हे मी मुद्दाम सांगतो. चळवळीचा इतिहास सांगताना आपण सगळ्यांना एका रांगेत उभे करतो. घरात असे नसते. एकाच ओसरीवर बाप चोखोबाचा अभंग म्हणतो आणि मुलगा त्याला उलट विचारतो की चोखोबाला पायरीपाशीच का ठेवले? बनसोडे १९४६ मध्ये गेले, दीक्षाभूमी त्यांनी पाहिली नाही.

आंबेडकरी जलसा साधारण १९३० नंतर जोरात आला. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला, आणि त्याच भागातले भीमराव कर्डक यांचा जलसा गावोगावच्या महारवाड्यांत आणि मुंबईच्या चाळींत फिरू लागला. वामनदादा कर्डक वेगळे. ते सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. अक्षरओळख मोठेपणी झाली, पहिले गाणे १९४३ मध्ये रचले आणि मग शेवटपर्यंत थांबले नाहीत.

जलशात काय दाखवत? मेलेले ढोर ओढायला नकार. पाणवठा. पोराला शाळेत घालायचे की वेठीला पाठवायचे. बापाची दारू. मुलीचे शिक्षण. आपण ज्याला समाजसुधारणा म्हणतो आणि सभागृहात भाषण ठोकतो, ते सगळे तिथे घरातल्या भांडणासारखे येई. पलीकडच्या वस्तीत झालेल्या एका वगाची गोष्ट मी ऐकली आहे. म्हातारा वतन सोडायला तयार नाही, सून म्हणते वतन चुलीत घाला, आणि नातू मध्येच पाटी घेऊन उभा राहतो. शिकागोत मी म्हातारी आई आणि नातू यांना पाहिले तेव्हा मला हाच म्हातारा आणि हाच नातू दिसला.

बाबासाहेबांनाही हे साम्य दिसले होते. १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते. न्यूयॉर्कचा तो भाग हार्लेमला लागून आहे, आणि हार्लेम म्हणजे काळ्या लोकांची मोठी वस्ती. पुढे १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइस या थोर कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिले. तिकडच्या एका संस्थेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता, त्याची प्रत त्यांना अस्पृश्यांसाठी तसाच विचार करण्याकरिता हवी होती. डु बॉइस यांचे उत्तरही आले. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुण लेखकांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले तेव्हा डोळ्यांपुढे अमेरिकेतले ब्लॅक पँथर होते. फुल्यांनी टाकलेला धागा शंभर वर्षे कुणी ना कुणी हातात धरून होते.

आता १९५६ कडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

त्या वर्षी दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धर्मांतर झाले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले होते. आदल्या वर्षी ते बाबासाहेबांसमोर झाले होते, आणि नागपूरच्या त्या सोहळ्यातही झाले. युगानुयुगांच्या अस्पृश्यतेची वाटचाल मांडणारे नाटक, आणि समोर बसलेले लाखो लोक त्याच वाटचालीचे शेवटचे पाऊल टाकायला आलेले. एवढा जिवंत प्रेक्षक कुठल्या नाटकाला मिळाला असेल?

आपल्या भागातून लोक गेले होते. पांढुर्ण्याहून मोठ्या लाईनने, सौंसर-रामाकोन्याहून छोट्या लाईनने, आणि पुष्कळसे पायी. परत आले तेव्हा घरातले देव त्यांनी जाम आणि कन्हान नदीत सोडले. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळ झाली. आणखी पाच आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

आपण मराठी माणसे १ नोव्हेंबरची गोष्ट दर व्याख्यानात सांगतो. नागपूर तुटले, शाळा हिंदी झाल्या, कचेरीतला कागद हिंदी झाला. माझ्या पिढीने घरात मराठी बोलत हिंदीत परीक्षा दिल्या. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हाही हीच गोष्ट निघाली. (बाहेरच्यांना आपण गोटमारीसाठीच ठाऊक, ते वेगळे.) पण त्या दोन महिन्यांत नदीपलीकडच्या वस्तीतल्या माणसाचे काय झाले असेल, याचा विचार मी साठी उलटेपर्यंत केला नव्हता. त्याने धर्म सोडला, त्याचे राज्य बदलले आणि त्याचा नेता गेला. ज्या नागपुरात त्याची सगळी हिंमत होती ते दुसऱ्या राज्यात गेले. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राच्या कायद्याने मिळायला १९९० साल उजाडले. मराठीपण टिकवण्याची आपली जी तक्रार आहे, ती त्याचीही होती, शिवाय आणखी बरेच काही होते. तरी त्याने मराठी सोडली नाही. का, तर त्याची गाणी मराठीत होती. आपल्या संस्थेच्या कपाटात या भागातल्या मराठीची जी बाडे आहेत त्यांत ही गाणी नाहीत.

दत्ता भगतांचे ‘वाटा-पळवाटा’ हे नाटक अनेकांनी वाचले असेल. एकाच घरातल्या चळवळीच्या तीन पिढ्या त्यात एकमेकांसमोर उभ्या राहतात. बाबासाहेबांबरोबर झगडलेले काका, शिकून प्राध्यापक झालेला सतीश आणि धुमसणारा तरुण अर्जुन. त्यात गाणी नाहीत, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. मात्र आपल्या संस्थेच्या नाट्यवाचनात ते अजून एकदाही झालेले नाही, एवढे सांगतो.

गाणी कुठे गेली? घरांत गेली. जलशाचे फड कमी होत गेले तसे एकेका गायकाच्या घरात ते सामान उतरले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज तुमच्या-माझ्या घरात आषाढी एकादशीला लागतो. तोच आवाज भीमगीतांत होता. त्यांचे आईवडीलही गाणारे, मुले आनंद आणि मिलिंद गायक, नातू आदर्श गायक. विठ्ठल उमप ‘जांभूळ आख्याना’साठी सगळ्यांना ठाऊक. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर, मंचावरच ते कोसळले आणि गेले. मुलगा नंदेश गातो आहे. शेत नाही, वाडा नाही, तर वारसा कशाचा द्यायचा? किराणा आणि ग्वाल्हेर घराण्यांची वंशावळ आपण पाठ म्हणतो. हीही घराणीच आहेत.

आता माझी हकीकत.

आम्ही सैतवाळ जैन. या भागात पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी. माझ्या आजोबांचे धान्याचे दुकान होते, आणि दुकानात दोन गॅसबत्त्या होत्या, त्या लग्नकार्याला भाड्याने जात. आमच्या घरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळले जाई. न दिसणारा जीव मरू नये म्हणून एवढी काळजी, आणि दुकानासमोर उभ्या असलेल्या, चांगल्या दिसणाऱ्या माणसाच्या ओंजळीत तेच पाणी वरून ओतले जाई. यात काही विसंगत आहे असे आमच्या ओसरीवर कुणाला वाटल्याचे मला आठवत नाही. आजोबा फार गोड बोलत. “तुम्ही तिथंच थांबा, मी आणून देतो,” असे. शिकागोच्या मंचावरचा तो सभ्य गृहस्थ मी म्हणूनच ओळखला.

पलीकडच्या वस्तीत जलसा ठरला की गॅसबत्ती आमच्याकडून जाई. तिला हवा मारायला, जाळी बदलायला माणूस लागे, म्हणून आजोबा माझ्या वडिलांना पाठवत. वडील तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. मांडवाच्या कडेला बत्तीपाशी बसून त्यांनी किती जलसे पाहिले असतील कोण जाणे. घरी त्याचा उच्चार नव्हता. पण वडील आयुष्यभर हिशेब लिहिताना एक चाल गुणगुणत. शब्द नाहीत, नुसती चाल. मी समजत होतो एखादे स्तवन असेल.

तीच चाल माझ्या तोंडी बसली. दवाखान्यात पुड्या बांधताना मीही ती गुणगुणतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक म्हातारे रुग्ण माझ्याकडे दम्यासाठी येत. त्यांचे वडील नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते आणि तिथून जलसा घेऊन गावी आलेले. ते स्वतः भीमगीते गात. आले की ‘जय भीम’ म्हणत, मी ‘जय जिनेंद्र’ म्हणे आणि दोघेही हसत असू. एकदा मी पुडी बांधत होतो आणि ते खुर्चीत ताठ झाले.

“डॉक्टरसाहेब, हे तुमाले कोनं शिकोलं? हे त आमच्या बाबाचं गानं हाय.”

मी वडिलांची आणि बत्तीची गोष्ट सांगितली. त्यांना ते पोरगे आठवत होते, बत्तीवाले पोरगे. ते म्हणाले, “मनून दाखोतो, आयका.” आणि मी, बाहेर चौदा रुग्ण बसलेले, म्हणालो, “काकाजी, आत्ता नको. तुम्हाला दम लागतो. पुढच्या खेपेला निवांत.” पुढच्या खेपेलाही रुग्ण होतेच. दोन-तीन वर्षे असेच चालले. मी त्यांना गाणे बंद करायला सांगितले होते, ते वैद्यकीयदृष्ट्या चूक नव्हते. २०१२ च्या थंडीत ते गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांची सून एक वही घेऊन दवाखान्यात आली. “मामाजींनी सांगतलं होतं, डॉक्टरले दाखवजा.” वही लांबट, हिशेबाची. एका बाजूने वाळवी लागलेली. पहिल्या पानावर काकाजींच्या वडिलांचे अक्षर, मधे काकाजींचे, शेवटी मुलाचे. मी दोन रविवार बसून वाचता आली तेवढी गाणी उतरवून घेतली, तेवीस भरली. वही परत दिली. नातू आता बुटीबोरीच्या कारखान्यात आहे. त्याला त्यांतली चार गाणी येतात, ती त्याने मोबाइलवर गाऊन पाठवली आहेत. उतरवलेली प्रत आणि ते ध्वनिमुद्रण मी आज संस्थेच्या ग्रंथालयात जमा करतो आहे. कपाटात कुठल्या खणात ठेवायचे ते कार्यकारिणीने ठरवावे, पण ‘लोकसाहित्य, संकीर्ण’ या खणात ठेवू नये अशी माझी विनंती आहे. ते नाटकांच्या खणात, किर्लोस्करांच्या शेजारी ठेवावे.

वडिलांच्या चालीचे गाणे त्या तेवीसांत आहे. बापाच्या डोक्यावरचे ओझे आणि पोराच्या हातातली पाटी यांवरचे ते गाणे आहे. ध्रुपद आहे, पहिली दोन कडवी आहेत, चौथे आहे. तिसरे वाळवीने खाल्ले. नातवाला ते येत नाही. सौंसर, रामाकोना, पिपळा, मोहगाव या बाजूच्या कुणा वयस्क माणसाला ते आठवत असेल, तर सकाळी दहा ते एक मी दवाखान्यात असतो. रुग्ण थांबतील.